पांढऱ्या डोंगराखाली काशीबाई

तांदूळ निम्मे निवडून झाले होते. फोटोग्राफर भिकाजी आले तसं सूप बाजूला सारलं. त्यांची बायको काशीबाई तापाने गेली, त्याला आज दहावा दिवस. सुतक, म्हणून ओटीवरच बसले.

"वहिनी, तेराव्याला पाटावर ठेवायला तिचा फोटो हाय का तुमच्याकडं?"

पोलादपूरकडच्या डोंगरातून आलेल्या या माणसाने अर्ध्या महाडच्या लग्नांचे फोटो काढले, आणि घरात बायकोचा फोटो नाही. होते ते गेल्या साली, २००५ च्या पुरात स्टुडिओसकट गेले. मतदार कार्डावर नुसता काळा डाग. मी आमचा अल्बम ओटीवर ठेवला. प्रत्येक कार्यात काशीबाई कॅमेऱ्यामागे, दिवा धरून. एका फोटोच्या कडेला तिचा बांगड्यांचा हात आला आहे, तेवढाच. भिकाजींनी त्यावर बोट ठेवलं आणि अल्बम मिटला.

पुरानंतर ते बोलेनासे झाले, म्हणून तिनेच त्यांना आमच्या दक्षिणेच्या यात्रेत ओढून आणलं होतं. कोटिलिंगेश्वराचं दर्शन झाल्यावर बस जवळच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे वळली. खाणी बंद, चाळी ओस, आणि खाणीतून काढलेल्या मातीचे पांढरे डोंगर. भिकाजींचा चेहरा किती महिन्यांनी उजळला. रोल भराभर संपवू लागले.

"आवो, येक माझा काढा."

"तू रोजचीच हायस गो. डोंगर परत दिसणार हाय का?"

"मग डोंगरालाच सांगा जेवायला वाढायला."

आम्ही सगळ्या बायका हसलो.

शेवटच्या फोटोला मात्र त्यांनी तिला लांब पाठवलं. डोंगर किती उंच ते कळायला पायथ्याशी माणूस हवं होतं.

तोच फोटो त्यांनी आता पाकिटातून काढला. फक्त चेहरा मोठा करून पाहिला होता, तर नुसते ठिपके आले. अख्ख्या फोटोत मात्र ती आहे. नखाएवढीही नाही. वाऱ्याने उडणारा पदर डोक्यावर हाताने दाबून उभी.

"ह्योच लावू," ते म्हणाले. "पण हार घातला की खालची तीच झाकंल."

मी रोज देवांच्या तसबिरींना हार घालते, पण हे माझ्या ध्यानात आलं नसतं.

तांदूळ तसेच आहेत. साळूबाई फुलवालीकडे आखूड हार सांगायला जायचं आहे.