दोरीच्या अलीकडे

त्याला सगळे खटपट्याच म्हणायचे. हातात काही आलं की उघडून बघितल्याशिवाय गडी स्वस्थ बसायचा नाही. एका गॅरेजात त्याची छोटीशी कंपनी होती, आणि कंपनी म्हणजे तरी काय, तो आणि त्याची थोरली बहीण. बर्फात वाट चुकलेला जवान कुठे आहे ते सोबत्यांना कळवणारी डबी त्याने बनवली होती. सैन्याने ती घ्यावी म्हणून ताईने चांगली नोकरी सोडून टेंडर, प्रमाणपत्रं, सह्या यांच्यापायी सरकारी कचेऱ्यांत चपला झिजवल्या. आता सगळी भिस्त चाचणीवर. इथे नापास झालं की गॅरेजला कुलूप.

चाचणीचा नियम भलताच कडक. बनवणाऱ्याने दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, वस्तूला बोटही लावायचं नाही, की कुणाला काही सांगायचंही नाही. मैदानात हवालदाराने डबी घेतली, बटण दाबलं. डबीवरचा दिवा काही लागेना. पुन्हा दाबलं. छे. खटपट्याचे हात नुसते शिवशिवत होते.

"अरे, तू चालू करताना झाकणावर अंगठा दाबतोस ना," ताई कुजबुजली, "ते सांग की त्यांना."

"मी? कधी?"

"दरवेळी. मला वाटायचं, लाडाने थोपटतोस."

आता बोला. आतली जोडणी सैल होती, आणि इतकी वर्षं याचा अंगठाच ती सांभाळून घेत होता. याला पत्ताच नाही.

हवालदार भला माणूस. अधिकारी पाठमोरे आहेत बघून तो दोरीपाशी आला. "कुठे दाबायचं ते हळूच सांगा, मी निभावून नेतो."

खटपट्याने ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता. मग त्याने हवालदाराच्या जाड हातमोज्यांकडे पाहिलं.

"नको दादा," तो म्हणाला. "बर्फात तुम्ही एकटे असाल, तेव्हा सांगायला मी कुठे असणार? नापास करा."

डबी नापास झाली. परतीच्या वाटेवर ताईने टेंडरचे कागद पिशवीच्या तळाशी कोंबले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने जोडणी नव्याने केली आणि भीतभीतच ताईला बोलावलं. ती लोकरीचे हातमोजे घालून आली. आल्या आल्या तिने कपडे वाळत घालायची दोरी गॅरेजात आडवी बांधली.

"तू अलीकडे राहा. हात मागे."

तिने बटण दाबलं. दिवा लागला. बंद करून पुन्हा दाबलं, पुन्हा लागला. खटपट्याला रडूच फुटलं.

"जुन्या नोकरीवर विचारून आलेय, परत घेतायत," हातमोजे काढत ताई म्हणाली. "पुढचं टेंडर निघेपर्यंत गॅरेजचं भाडं मी भरते."