हरणाच्या वादीचे जोडे

कॅनडात जावयाबरोबर बर्फावर चालायचे जोडे घ्यायला गेलो होतो. थंडीत शिकारीला जंगलात जायचं तर पाय रुतू नयेत म्हणून रॅकेटसारखे हे रुंद जोडे बुटांखाली बांधतात. जावयाने चकचकीत ॲल्युमिनियमचे उचलले. म्हाताऱ्या दुकानदाराने ते त्याच्या हातातून काढूनच घेतले.

"हे खडखडतात. हरीण लांबूनच पळेल," तो म्हणाला आणि लाकडी चौकटीत कातडी वादीची जाळी विणलेला जोड पुढे केला. "याचा आवाज होत नाही."

"वादी कसली?" मी विचारलं.

"हरणाचीच."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपण म्हणतो आणि वर दांड्यालाच शिव्या देतो. पण त्या दांड्याला किंवा या हरणाला कुणी विचारलं होतं का? मला विचारलं होतं. कारखान्यातली माणसं कमी करायची ठरली, तेव्हा राजीनाम्यांवर सह्या घ्यायला साहेबांनी मला कामगारवस्तीत पाठवलं. मी त्याच वस्तीत वाढलेला. साहेबांची गाडी दिसली असती तर दारं लागली असती. मला पाहून लोकांनी चहा टाकला. चहा पिऊन मी सह्या घेतल्या.

"बाबा, तुम्हीही घालून बघा," जावई म्हणाला. दुकानामागच्या बर्फात मी दहा-बारा पावलं चाललो. खरंच आवाज झाला नाही.

दुकानदार कौतुकाने म्हणाला, "पहिल्यांदा घातलेत असं वाटत नाही."