मशिदीच्या दारात

औषधं चालू होती तरी माझ्या चार वर्षांच्या मुलीचा ताप हटत नव्हता. घरच्या देवापुढे हात जोडायचाही मला राग येऊ लागला होता. धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. पैगंबरांच्या काळी मदिनेच्या मशिदीत नमाजाबरोबर शिकवणं चाले, तंटे सुटत, वाटसरूला आसरा मिळे, जखमींची शुश्रूषा होई; पुढे कैरो, फेझ इथे मशिदींतूनच मोठी विद्यापीठं वाढली, हे सगळं मी वर्गात ठणकावून सांगते. पण नदीपलीकडे जुन्या धुळ्यातल्या मशिदीची पायरी मी कधी चढले नव्हते.

शेवटी शेजारच्या अक्का म्हणाल्या, "ताई, पोरले मशिदना दारमा उभी कर. बठ्ठास्नी फुंक लागू दे." सगळ्यांची फुंकर लागू द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. संध्याकाळच्या नमाजानंतर आया आजारी मुलं घेऊन दारात थांबतात आणि बाहेर पडणारे नमाजी दुआ पुटपुटत मुलावर, पाण्यावर फुंकर घालतात. कोणी जात विचारत नाही. मी मुलीला खांद्यावर घेतलं, हातात दुकानातून आणलेली पाण्याची बाटली धरली आणि उभी राहिले. पहिलेच म्हातारे बाबा हसले. "बाई, झाकण तर खोला. फुंक आत कशी जाईल?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा मलाही हसू आलं.

मग रांगच लागली. हमाल, शिंपी, शाळामास्तर, सगळे त्याच दारातून येत होते आणि माझ्या लेकीपाशी क्षणभर थांबत होते. वर्गात मी जिला संस्कृती म्हणत आले ती ही माणसं होती. एक गृहस्थ फुंकर घालून पुढे गेले नाहीत. त्यांनी तिच्या मानेला हात लावला, मान हलकेच वाकवून पाहिली. ती वाकेना. सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तसं काहीच नव्हतं.

"मी मुलांचा डॉक्टर आहे," ते म्हणाले. "मेंदूज्वराची शंका येते. आत्ताच निघायला हवं. माझी गाडी इथेच आहे, द्या तिला." माझे हात सुटेनात. अनोळखी माणूस, अनोळखी जागा. ते हात पुढे करून तसेच उभे राहिले, आणि मी मुलगी त्यांच्या हातांत दिली.

उपचार वेळेवर सुरू झाले आणि ती बरी झाली. नंतर डॉक्टर म्हणाले, एरवी ते दवाखान्यातच नमाज पढतात, त्या दिवशी वडिलांना घेऊन आले होते. याला काय म्हणायचं, यावर मी वाद घालत नाही. मी दोन्ही हात जोडते, घरातही आणि त्या दारातही. इस्लाम या शब्दाचा अर्थ ईश्वराला शरण जाणं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. लेक दुसऱ्याच्या हातांत देताना माझ्या हातांना तो कळला.