रडणाऱ्या लेकरांची हुरमतबी

आमच्या अकोटात मूल रडू लागलं की घरोघरी लेकरांना तेल लावायला येणारी हुरमतबी त्याला गप्प करत नसे, त्याची जबानी घेई. आल्या आल्या बांगड्या कोपराकडे सरकवायची, पाय लांब पसरून जमिनीवर बसायची, मुलाला उघडं करून पायांवर आडवं घ्यायची आणि फौजदाराच्या आवाजात विचारायची, "हं, बोला. कोनाच्या नावानं फिर्याद हाय?" मूल आणखी भोकाड पसरे. "आजीच्या? मले वाटलंच होतं." माझ्या सासूबाई तिथून उठून जात. मी पदरात तोंड खुपसून हसत असे, कारण मूल माझं होतं आणि फिर्याद बहुधा खरी होती.

हात मात्र तिचे फौजदाराचे नव्हते. कोमट तेल ती आधी स्वतःच्या तळव्यांत चोळून घेई, मग मुलाच्या पोटावर गोल गोल, सावकाश फिरवी. गुडघे दुमडून पोटाशी नेई आणि सोडी. तरीही रडणं थांबलं नाही, तर कुडत्याचे बंद सोडून ती त्याला उघड्या छातीशी धरी आणि वरून ओढणी लपेटून घेई. "तेल राहू द्या, सूनबाई," ती मला म्हणे, "लेकराले अंगाची ऊब पायजे. बाकी समदा आपला देखावा."

त्या वर्षांत ऊब द्यायला कुणाला वेळ नव्हता. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती आणि आमच्या काळ्या मातीतला कापूस विलायतेला हवा होता. अकोल्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग तुटत नसे. बाळंतिणीसुद्धा वेचणीला येत. लेकराला बांधावरच्या कडुनिंबाला झोळीत टांगायचं आणि ते उठू नये म्हणून मोहरीएवढी अफूची गोळी चाटवायची. सगळ्याच चाटवत. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

वेचणीच्या दिवसांत आम्ही शेतावरच्या झोपडीत राहायला जात असू आणि हुरमतबी तिथे येई. एका दुपारी माझ्या मुलाला चोळता चोळता ती मध्येच थांबली आणि झाडाकडे बघू लागली.

"ते तुळसाचं काहून नाई रडून राहिलं?"

तुळसा आमची वेचणारी. ती जवळच्या ओळीतून कौतुकानं म्हणाली, "आज लई शहाण्यावानी झोपलं, बी."

हुरमतबीनं झोळीतून मूल उचललं, तर त्याची मान लोंबली. तिनं पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"गोळी कवा देल्ली?"

"सकाळी. निंगताना."

मागे तुळसाची सासू गोदा उभी होती, कमरेच्या ओटीत कापूस भरलेला. ती हळूच म्हणाली, "म्या तं आता देल्ली. कुरकुरत होतं. तुई ओळ मांगं पडू नाई म्हनून."



मग आयुष्यभर लेकरं निजवलेल्या त्या हातांनी मी भलतंच काही करताना पाहिलं. हुरमतबीनं त्याच्या तळपायांवर चापट्या मारल्या, कानाची पाळी चिमटली, तोंडावर गार पाणी शिंपडलं, पाठ लाल होईपर्यंत चोळली. "रड ना, बापू. आजीच्या नावानं रड. माह्या नावानं रड." एकदा ओठ थरथरले. तुळसा हात पुढे करून धावली. तेवढंच. दिवस कलताना त्याचा श्वास थांबला.

बांधावर जमलेल्या बायका नजर लागली म्हणू लागल्या. गोदाला तो आधार हवाच होता. तिनंही मान हलवली.

"नजर नाई," हुरमतबी म्हणाली. "दोघीनं अफू देल्ली, एकमेकीले न इचारता. उद्या तुमच्या घरीबी हेच व्हईन."

गोदानं ओटीची गाठ सोडली. सगळा कापूस मातीत सांडला आणि तो उचलायला कुणी वाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी हुरमतबी न बोलावता शेतावर आली. कडुनिंबाखाली गोधडी अंथरून म्हणाली, "गोळी नोका देऊ. माह्यापाशी आना." काही जणींनी आणली. एक छातीशी, एक मांडीवर, एक पायांवर, अशी ती दिवसभर बसून राही. पण वेचणाऱ्या बायका पुष्कळ आणि ती एकटी. बाकीच्या झोळ्या शांत टांगलेल्या असत. मधूनच ती हातातली रडती लेकरं गोधडीवर ठेवून उठायची, प्रत्येक झोळीपाशी जाऊन निजलेल्याच्या नाकाखाली बोट धरायची आणि बोटाला श्वास जाणवेपर्यंत तिथून हलायची नाही.