भट्टीचं गरम पाणी

गोव्यातल्या हरमलात आम्ही चौघी जणी पर्यटकांच्या खोल्यांच्या चादरी धुतो. आमच्या शेडला लागूनच पंचायतीची कचरा जाळायची भट्टी आहे. तिच्यात नारळाच्या करट्या, सुका पाला, पुठ्ठे जातात. भट्टीची चिमणी दिवसभर तापलेली, आणि आम्ही शेजारी लाकडं फोडून पाणी तापवायचो.

माझा धाकटा दीर शिरगावच्या खाणीवर फिटर होता. खाण बंद पडल्यापासून घरीच. मी त्याला विचारलं, "चिमणीभोवती पाण्याचा पाइप फिरवला तर?"

तो चिमणीभोवती एक फेरी मारून आला. म्हणाला, "होतला, वहिनी. पण पंचायत परवानगी देवची नाय."

मी पंचायतीत विचारायला गेले, तर तसंच झालं. एक पंच हसत म्हणाले, "कचऱ्याच्या आगीवर तापलेल्या पाण्यात धुतलेल्या चादरीवर कोण झोपणार?"

"पाणी बंद पाइपातून जातं, कचऱ्याला शिवत नाही," मी म्हटलं. "लाकडाची आग सोवळी आणि करटीची ओवळी, असं आहे काय?"

पंचायतीनं परवानगी दिली नाही. लेखी नकारही दिला नाही. त्या आठवड्यात आम्ही पाइप बसवला.

पहिल्याच दिवशी एक जोड सुटला आणि वाफेनं दिराचा हात कोपरापर्यंत पोळला. मला वाटलं, माझ्या हट्टापायी हे झालं. हात बरा झाल्यावर तोच म्हणाला, "वाफ बाहेर सोडूक वाल्व होयो होतो. माझी चूक." आणि त्यानं वाल्व लावला.

शेजारच्या निवृत्त मास्तरांचे गुडघे दुखत. त्यांनी विचारलं म्हणून पाइप त्यांच्या न्हाणीपर्यंत नेला. मग आणखी दोन घरांनी मागितला. तेव्हा पंचायतीची नोटीस आली, पाइप काढा म्हणून. तेच पंच स्वतः ती घेऊन आले होते. मास्तरांनी ती वाचली.

"यात कारण लिहिलेलं नाही."

"कारण लिहून आणा, मग काढते," मी म्हटलं आणि पुन्हा चादरी पिळायला बसले. 

कारणाऐवजी पंचायतीनं पाठवलेला एक अभियंता आला. त्यानं सगळा पाइप तपासला, दुसरा वाल्व लावायला आणि वरून उष्णता धरणारं वेष्टण घालायला सांगितलं. दोन्ही केलं. पाइप राहिला.

समोरच्या घरातली बाई अजून ते पाणी घेत नाही. तिची मर्जी. मध्यंतरी पंचायतीचे लोक भट्टीत प्लास्टिकच्या पिशव्या टाकायला लागले, तेव्हा मी ग्रामसभेत उभी राहिले आणि सांगितलं, "प्लास्टिक जाळलंत तर भट्टीच्या दारात मी बसेन. विषारी धुरावर तापलेलं गरम पाणी नको मला."