हाडांतून आलेली हाक

कपाट आवरताना मुलीचा जुना इलॅस्टिकचा पट्टा हाती आला. तिला जन्मतःच बाहेरचे कान नव्हते. आम्ही म्हैसूरला आलो तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि हाकेला वळत नसे. तिथल्या विजयनगर भागातल्या दवाखान्यात तिला तपासणाऱ्या बाई इथल्याच जुन्या मराठी घरातल्या होत्या. "नोडी, बघा," त्या म्हणाल्या, "समुद्रातल्या सीलच्या पूर्वजांना बाहेरचे कान होते. पिढ्यान् पिढ्या पाण्यात राहून ते कान गेले. तरी पाण्यातला आवाज हाडांतून आत पोचतो त्यांना. हिचाही आतला कान चांगला आहे." मग हाडांतून आवाज आत पोचवणारं छोटं यंत्र लावलेला पट्टा त्यांनी तिच्या डोक्याला बांधला. मी मागे उभी राहून हाक मारली. ती खेळणं सोडून वळली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुन्हा हाक मारली. आता ती दहावीत आहे. दुसऱ्यांदा हाक मारली की आतल्या खोलीतून वैतागून म्हणते, "आई, ऐकू आलंय गं."