अत्तर लावून येऊ नगं

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींची टिंगल करणाऱ्यांपैकी आहे. शाळेत मैत्रिणी खंडाळ्याच्या बंद बंगल्यातल्या बाईची गोष्ट रंगात येऊन सांगायच्या, तेव्हा "मग ती बाई जेवते काय?" असं विचारून मी सगळ्याचा विचका करायचे. त्यामुळे इथे लिहायला बसताना माझी मलाच लाज वाटतेय... पण ती वही समोर आहे, अक्षर माझंच आहे, आणि त्याचं काय करायचं हे मला तीन वर्षांत कळलेलं नाही.

मी यास्मिन. आम्ही लोणावळ्याचे. बाजारात अब्बांचं अत्तर, अगरबत्ती आणि टोप्यांचं लहानसं दुकान आहे. बारावीची परीक्षा संपली त्याच संध्याकाळी मी घरात जाहीर केलं, की प्रज्ञा, स्नेहल आणि मी तिकोणा पेठला एक रात्र राहणार आणि किल्ला चढून येणार. सोबत मोठं कुणी नाही. अब्बांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आमच्या घरात याचा अर्थ 'नाही' असा होतो.

मग मी पण हट्टाला पेटले. तीन आठवडे रोज विषय काढला. जेवताना, दुकानात, अम्मी कणीक मळत असताना. शेवटी अब्बा म्हणाले, "तुला पुण्याला हॉस्टेलला राहायचंय ना? मग आधी हे दोन दिवस स्वतःच्या जबाबदारीवर राहून दाखव. नीट परत आलीस तर हॉस्टेल. काही गडबड झाली, तर हितलंच कॉलेज. नंतर रडायचं नाही."

म्हणजे सहल राहिली बाजूला, ही माझी खरी परीक्षा झाली. मी वही केली. जीपच्या वेळा, पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या आईला किती वाजता फोन करायचा, सगळं. स्नेहल म्हणाली, "अगं, फिरायला चाललोय की बोर्डाच्या पेपरला?" मी यादी पुढे लिहीत राहिले. हॉस्टेल तिचं अडकलं नव्हतं, माझं अडकलं होतं.

अब्बांची शेवटची अट होती – ज्या घरी राहणार, त्या घरातल्या बाईशी मी स्वतः बोलणार. प्रज्ञाची एक मावसबहीण काही वर्षांपूर्वी पेठेत एका मावशींकडे राहिली होती, तिच्याकडून नंबर मिळाला. एका दुपारी दुकानातूनच मी तो लावला. पलीकडून खरखरीत आवाज आला, बोलणं घाईघाईचं.

"कोन? तिघी का? या की. भाकरी खाताल न्हवं? सकाळी उनाच्या आदी गड चढा, म्हंजी तरास न्हाई."

मी सगळं वहीत उतरवत होते. शेवटी नाव सांगितलं, तर मावशी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरी, अत्तर लावून येऊ नगं. वडलांनी लावलं तर हात धुऊन ये."

मी लिहिलं – 'अत्तर नको.' खाली रेघ मारली. खरं सांगायचं तर मला रागच आला. नाव ऐकलं की लगेच अत्तर आणि बिर्याणी आठवणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. पण परवानगी हवी होती, म्हणून गप्प बसले आणि फोन अब्बांना दिला. ते दुकानाच्या पायरीवर जाऊन बोलले. आधी नुसतं "हां... हां..." चाललं होतं, मग ते चक्क हसले. बराच वेळ बोलणं झालं. आत येऊन म्हणाले, "जा."

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. गावाला निघालेल्या माणसाच्या मनगटावर अब्बा अत्तर लावतात. घरचा वास अंगावर असला की माणूस भरकटत नाही, असं त्यांचं म्हणणं. आजवर कुणी नको म्हटलेलं नाही. त्या सकाळी त्यांनी बाटली उघडली आणि मी हात मागे घेतला. "मावशींनी नको सांगितलंय, अब्बा."

त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण यादी म्हणजे यादी. त्यांनी बूच घट्ट लावलं आणि बाटली माझ्या बॅगेच्या कप्प्यात टाकली. "मग पोचल्यावर लाव."

कामशेतला स्नेहल आणि मी उतरलो, प्रज्ञा कान्ह्याहून येऊन तिथे भेटली. तिथून पवनानगरची जीप, पुढे पेठेची. घर शोधायला त्रास झाला नाही. ओसरीवर बाजेवर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या भिंत धरत उठल्या, सरळ माझ्याकडे आल्या, माझा हात उचलला आणि मनगट नाकाशी नेऊन हुंगलं. मग समाधानाने मान डोलावली. मी हसले. "नाही लावलं मावशी, बघा."

तेवढ्यात आतून त्यांच्या सूनबाई आल्या. "कोन तुमी? कुनाकडं आलात?"

"मावशींशी फोनवर बोलणं झालं होतं ना... आम्ही लोणावळ्याहून."

सूनबाई आमच्याकडे बघतच राहिल्या. "फोनवर? आत्याबाई बोलत न्हाईत, पोरींनो. लकव्याचा झटका आल्याला, दोन वर्सं झाली. तवापासनं येक शबूद न्हाई."

मी नंबर दाखवला. त्या आत गेल्या आणि कपाटातून एक जुना बटणांचा फोन घेऊन आल्या. "नंबर ह्योच. पर ह्यो तवापासनं बंद हाय." बॅटरी फुगून मागचं झाकण उचकटलं होतं. मी तिथेच उभी राहून तो नंबर लावला... 'हा क्रमांक अस्तित्वात नाही.' माझ्या फोनमध्ये मात्र त्या दुपारचा कॉल जसाच्या तसा होता.

"आन सकाळधरनं तीन ताटं घासून पुसून ठिवल्यात," सूनबाई हळूच म्हणाल्या. "मी म्हनलं, आता डोकं बी गेलं का काय ह्यांचं."

स्नेहल रडायला लागली. तिला त्याच पावली परत जायचं होतं. प्रज्ञाने माझा हात घट्ट धरला होता. मीही घरी फोन लावायला काढला होता, कशाला लपवू? पण अब्बांना फोन केला असता तर ते तासाभरात न्यायला आले असते, आणि माझं पुणे तिथेच संपलं असतं. मी मावशींकडे पाहिलं. त्या आमच्याकडे अशा बघत होत्या, जशी माहेरी आलेल्या पोरींकडे बाई बघते. त्या नजरेला मी भिऊ शकले नाही.

"आपण राहतोय," मी म्हटलं. सूनबाईंनीही नाही म्हटलं नाही.

रात्री काहीही झालं नाही. घोंगड्या टोचत होत्या, एवढंच.

सकाळी उजाडता उजाडता निघालो. निघताना स्नेहलने बॉडी स्प्रे काढला. मी तो तिच्या हातातून घेतला आणि ओसरीवरच ठेवला. "यादीत आहे," मी म्हटलं. ती चिडली, पण निघाली.

वरच्या उभ्या पायऱ्यांच्या खाली आम्ही थांबलो होतो. आमच्या पुढे शहराकडची सात-आठ मुलं होती, त्यांच्या सेंटचा घमघमाट आमच्यापर्यंत येत होता. आणि एकदम कड्यावरून आवाज आला, मोठा पंखा सुरू झाल्यासारखा. त्या वासाने आग्या मधमाश्यांचं मोहोळ उठलं होतं. प्रज्ञा दबक्या आवाजात म्हणाली, "हलू नका." आम्ही तिघी ओढण्यांत डोकी गुंडाळून कातळाला चिकटून बसलो. माश्या माझ्या हातावर बसल्या, मनगटावर चालल्या... आणि उडून गेल्या. तिघींपैकी एकीलाही डंख नाही. ती मुलं ओरडत, धडपडत आमच्या शेजारून खाली पळाली. गावातल्या लोकांनी त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. सगळे वाचले, पण एकाचा चेहरा इतका सुजला होता की डोळे दिसत नव्हते.

माझं मनगट मात्र कोरडं होतं. अब्बांचं अत्तर अस्सल असतं, लावलं असतं तर दोन दिवस उतरलं नसतं.

मावशींच्या घरी परतलो आणि मी अब्बांना फोन केला. लपवता आलं असतं. पण नीट परत येणं म्हणजे खरं सांगणंही त्यात आलं, असं मला वाटलं. माश्या, बंद फोन, मावशींची गेलेली वाचा, सगळं सांगितलं. हॉस्टेल गेलं असं धरूनच सांगितलं.

अब्बा म्हणाले, "माझ्याशी बोलली ना ती बाई. मी म्हटलं, पोरगी एकटी पाठवायला जीव होत नाही. तर म्हणाली, 'भाऊ, पोरगी अडवू नगा. तुमचा हात पोचत न्हाई तितं मी हाय.' माझ्या कानांनी ऐकलंय, यास्मिन." मग म्हणाले, "फोन त्यांच्या कानाला लाव."

मी लावला. अब्बा काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, त्यांनीही पुढे कधी सांगितलं नाही. मावशींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या मान हलवत होत्या.

निघताना पाया पडले, तर मावशींनी आपला उजवा, लुळा हात डाव्या हाताने उचलून माझ्यापुढे धरला. मनगट वर करून. बॅगेतल्या बाटलीबद्दल मी त्या घरात कुणालाही बोलले नव्हते. मी ती काढली, बूच उघडलं आणि अब्बा लावतात तसं अत्तर लावलं. त्यांनी ते हुंगलं आणि हसल्या.

पुण्यात हे माझं तिसरं वर्ष. नंबर चुकीचा लागला असेल, दुसऱ्याच कुणाला मिळाला असेल, नावावरून अंदाज बांधला असेल... तुम्ही सुचवाल ते सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. एकही नीट बसत नाही. मावशी गेल्या पावसाळ्यात गेल्या, शेवटपर्यंत काही न बोलता.

सुट्टी संपवून मी हॉस्टेलला निघते, तेव्हा अब्बा आता माझा हात धरत नाहीत. बाटली बंद करून बॅगेत टाकतात आणि म्हणतात, "पोचल्यावर लाव."